नाव घातलेली कळशी

कळशी दुकानात परत करायची असं भिकाजीनं सांगितलं, तेव्हा नर्मदा सोडणं बडवत होती. तिचा हात थांबला नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती खाडीकाठच्या दगडापाशी बसली होती. महिनोन्महिने चिखलात कुजवलेलं नारळाचं सोडण दगडावर धरायचं, डाव्या हातानं ते फिरवत राहायचं आणि उजव्या हातातल्या दांडक्यानं त्यातला भुसा निघून नुसता काथ्या उरेपर्यंत हाणायचं. प्रत्येक घावाला काळं पाणी उडे. तिच्या गालावर आणि गळ्याशी त्या पाण्याचे डाग वाळले होते.

"तो काय परत घेवचो नाय," ती म्हणाली.

"कित्याक घेवचो नाय? भांड्याक काय झाला? पाण्याक लागलीसुदा नाय."

"नाव घातलेला आसा."

वाळत घातलेला काथ्या भिकाजीनं उगाच खालीवर केला. पलीकडच्या दगडावर त्यांची मुलगी तुळसा पाठमोरी बसून बडवत होती. तिनं ऐकलं असणारच, कारण तिचा दांडका मध्येच एकदा सोडणाऐवजी दगडावर बसला.

"खळगो रिकामो आसा," भिकाजी पुन्हा म्हणाला. "पावसाआधी सोडणां चिखलात पडाक होयी. नायतर पुढच्या वर्साक बडवतलंस काय? दुसऱ्याच्या दारात जावन?"

नर्मदानं सोडण फिरवलं आणि हाणलं. तिला ते ठाऊक होतं. कुजवायचा खळगा स्वतःचा असला आणि त्यात घालायला सोडणं विकत घेता आली, तर काथ्या आपला, सुंभ आपलं. नाहीतर रोजावर बडवायचं. तिची आई जन्मभर रोजावर बडवून मेली होती. भिकाजीशी लग्न झाल्यावर नर्मदा पहिल्यांदा स्वतःच्या दगडापाशी बसली. सोडणांसाठी बाजूला ठेवलेले पैसे ह्या वर्षी कळशीत गेले होते, आणि कळशी घरात कोपऱ्यात पालथी पडली होती.

तुळसाचं लग्न कट्टा गावच्या धोंडू वायंगणकराच्या मुलाशी, गुरुदासशी ठरलं होतं. धोंडूची नारळीची बाग होती. भिकाजी कितीतरी वर्षं त्याच्याकडूनच सोडणं घेई, आणि ती गाडीत भरायला तुळसा बरोबर जाई. डोक्यावर भरलेला हारा घेऊन ताठ चालणारी ही मुलगी धोंडूच्या बायकोनं, काशीबाईनं, दोन-तीन वर्षं नजरेखालून घातली आणि मग एकदा सरळ विचारलं, "आमच्या गुरग्याक देतास काय?" गुरुदास मुंबईत गिरणीत लागला होता. भिकाजीला होय म्हणायलाही धड सुचलं नव्हतं.

साखरपुड्याच्या दिवशी काशीबाईनं नावही सांगून टाकलं. लग्नानंतर मुलीचं नाव बदलायचं ते शालिनी ठेवायचं, असं गुरुदासनं मुंबईहून कळवलं होतं. त्याच्या खोलीशेजारी कुणी शिकलेली बाई त्या नावाची होती म्हणे.

"आणि भांड्यार नाव घालून हाडा हां," काशीबाई म्हणाली. "आमची भांडी वाडीत सगळ्यांच्या कार्याक जातत. कोणाचा खंयचा ता कळना नाय. सासरचाच नाव घाला. मायेरचा घालून काय उपेग?"

म्हणून भिकाजीनं तसं घातलं. लग्नाआधी सासरचं नाव घालू नये, असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर विहीणबाईंचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. मालवणात बाळाशेटच्या दुकानी तांब्याची जाड कळशी घेतली. दुकानातल्याच कारागिरानं बारीक टाकीनं टिंबाला टिंब लावत अक्षरं उठवली. तुळसा चौथीपर्यंत शिकलेली. ती शेजारी उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत होती. सौ. शालिनी गुरुदास वायंगणकर. वाचून तिचे कान तापले होते. कारागीर टाकी खाली ठेवणार, तेवढ्यात भिकाजी म्हणाला, "खाली बारीकसा आणखी एक घाल. बाबांकडून." त्याचे वेगळे पैसे पडले. तेही त्यानं दिले. परतताना खाडी ओलांडणाऱ्या तरीवर कळशी उघडीच मांडीवर होती. नावाड्यानं ती बोटांनी वाजवून बघितली आणि म्हणाला, "बरी जड आसा. चेडवाची कंबर मोडतली!" सगळे हसले होते.

मग एका दुपारी बाबली आला. तो दोन्ही घरांचा लांबचा नातेवाईक. सोयरीक त्याच्याच मध्यस्थीनं पक्की झाली होती. त्यानं पाणी घेतलं नाही, खळ्याच्या कडेलाच टेकला.

"कौल डावो पडलो," तो म्हणाला.

वायंगणकरांनी देवाला कौल लावला होता. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"साखरपुड्याआदी लावल्यानी, तेव्हा उजवो पडल्लो मां?" भिकाजीनं विचारलं.

"तेव्हा वायलो प्रश्न होतो. चेडू बरा आसा काय, असा इचारल्यानी. आता इचारल्यानी, ह्याच करूचा काय?"

"दोनदोनदा इचारतत देवाक?"

"देव तेंचो," बाबली म्हणाला. "तेनी किती वेळा इचारूचा, ता आपून कोण सांगणार?"

पुढे कळलं की दुसरी मुलगी आधीच बघून झाली होती. तिचा मामा गुरुदासच्याच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. कौल त्यानंतर लावला होता. पण ते कळून काही उपयोग नव्हता. देवाच्या नावानं आलेल्या नकाराशी भांडायला माणूस कुठे जाणार?

मालवणला जायच्या दिवशी नर्मदानं कळशी आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. गाठ मारताना ती तुळसाला म्हणाली, "तू रव घरात. बापूस जाता."

"मी जातलंय," तुळसा म्हणाली. तिला एवढंच हवं होतं, की त्या नावाचं काय होतं ते आपल्या डोळ्यांनी दिसावं. हे तिनं आईला सांगितलं नाही. निघण्याआधी तिनं हात राखेनं घासले, मग चिंचेनं घासले. बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगांत चिंच झोंबली. वास तरी गेला नाही. कुजलेल्या सोडणाचा वास कातडीखाली जाऊन बसतो.

तरीवर ऊन रणरणत होतं. नावाड्यानं गाठोड्याकडे पाहिलं. त्याच्या आकारावरून आत काय आहे ते कुणालाही कळलं असतं. तो काही बोलला नाही, आणि ते न बोलणं भिकाजीला त्याच्या थट्टेपेक्षा जड गेलं. सबंध खाडी ओलांडेपर्यंत तो पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

लग्नाचे दिवस. बाळाशेटचं दुकान भरलेलं होतं. समया, पराती, तांबे दोऱ्यांवर लटकत होते आणि आत कारागिराची टाकी टिकटिक करत होती. भिकाजी पायरीखाली उभा राहिला. गर्दी थोडी कमी झाल्यावर वर चढून त्यानं गाठोडं सोडलं.

"ही आमचीच," बाळाशेट कळशी बघून म्हणाला. "काय, गळता?"

"गळना नाय, शेट. काय एक झाला नाय. पाणीपण भरूक नाय."

"मगे?"

"परत घेवा."

"अरे पण कित्याक?"

भिकाजीनं मागं वळून तुळसाकडे पाहिलं, मग शेटकडे. "लगीन मोडला," तो म्हणाला. त्यानं आवाज बारीक केला होता, तरी दुकानात तो सगळ्यांना ऐकू गेला. परात घेत असलेल्या एका बाईनं परात खाली ठेवली आणि तुळसाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"असा? वायट झाला," बाळाशेट म्हणाला. त्यानं कळशी मांडीवर घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग तो एकदम पुस्तकी बोलू लागला. "हे बघा, नाव घातलेलं भांडं आम्ही परत घेत नाही. दुकानाचा रिवाज आहे. कोरं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो."

"नवीच आसा, शेट."

"नवी आसा रे, पण कोणाची तरी आसा. ह्या नावाची दुसरी बाय मी खंय सोधू? ती शालिनी होयी, तिचो घोव गुरुदास होयो, आणि आडनाव वायंगणकार होया. दवंडी पिटू मालवणात?"

परातवाली हसली. आत टाकी थांबली, म्हणजे कारागीरही ऐकत होता.

"नाव घासून काढूक येना नाय?"

"घासला की तांबा पातळ होता, आणि डाग रवता तो रवताच. लग्नाच्या भांड्याक डाग चलता? तूच घेतलो असतस?"

"नाव तुमीच घातलास, शेट."

"तू सांगलस म्हणान घातलंय. वरसून आणि बाबांकडून!"

भिकाजीनं हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखे ते पुढे आले. "सोडणां घेवची आसत, शेट. पावसाआदी चिखलात पडली नाय, तर वर्स फुकट जातला. हातातला काम जातला. थोडे कमी द्या, पण भांड्याचे द्या."

"मोडीत घेतंय," बाळाशेट म्हणाला. "वजनावर. बघ, परवडता तर."

मोडीचा भाव म्हणजे फुटक्या तपेल्याचा, भोकं पडलेल्या घंगाळाचा भाव. कळशी तराजूत गेली. ती नवीकोरी, आतून आरशासारखी. समोरच्या पारड्यात लोखंडी वजनं पडली. शेटनं काटा बघितला आणि गल्ल्यातून काढून थोडेसे पैसे समोर ठेवले. घेऊ की नको, असा भिकाजीचा हात दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. शेवटी त्यानं ते उचलले.

"नाव मोडा," तुळसा म्हणाली.

दुकानात शिरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"काय?"

"मोड म्हणान घेतास मां? मगे मोडा आमच्यासमोर. ता नाव ऱ्हवाक नको."

तसा रिवाजही होता. मोडीत घेतलेलं भांडं दुकानदार गिऱ्हाइकासमोर चेपून टाकी. बाळाशेटनं तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं, हातोडी घेतली आणि कळशीच्या गळ्याशी एक घाव घातला. नावापासून लांब. तांबं किणकिणलं. अंगठा मावेल एवढा पोचा पडला. तेवढ्यात एक वऱ्हाडासारखी मंडळी पायऱ्या चढून आली आणि शेटनं हातोडी बाजूला ठेवली.

"बाकीचं आत नेऊन करतो. गिऱ्हाईक उभं आहे." पडदा सारून त्यानं कळशी आत लोटली. "चला, वाटेत रव नकात. काथ्याचो वास येता लोकांका."

तुळसा हलली नाही. भिकाजीनं तिचं मनगट धरून तिला खाली उतरवलं. रस्त्यावर आल्यावरही तिचे कान मागेच होते. आतून हातोडीचा आवाज यायला हवा होता. आली ती टाकीची टिकटिक.

रिकामं लुगडं घडी करून भिकाजीनं खांद्यावर टाकलं. बाजारात काही न घेता दोघं तरीवर आली.

त्या पैशांत जी सोडणं आली, ती खळग्याच्या तळालाच बसली. भिकाजी ती घ्यायला कट्ट्याला गेला नाही. दुसरीकडे गेला, तिथे महाग पडली. पाऊस लागला तेव्हा खळगा पाण्यानं भरला, आणि वर तरंगायला, दगड ठेवून दाबायला त्यात फारसं काही नव्हतं. नर्मदा भाताच्या लावणीला जाता-येता त्याच्याकडे बघे आणि मान फिरवी.

तुळसाला बघायला नंतर कुणी आलं नाही. कौलानं टाकलेली मुलगी, असं लोक म्हणू लागले. कौल दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी लावला होता, हे तेच लोक विसरले. पुढच्या उन्हाळ्यात भिकाजीची स्वतःची सोडणं बघता बघता बडवून संपली. मग तिघंही काथ्याच्या ठेकेदाराकडे रोजावर गेली. नर्मदाला दगड मिळाला तो उन्हातला. तिनं पदराची घडी करून डोक्यावर ठेवली आणि आईसारखीच वाकून बसली. आईसारखीच आपण बसलो, हे तिच्या मनात आलं की नाही, ते सांगता येणार नाही.

वैशाखात ठेकेदारानं भिकाजीला आणि तुळसाला गाडीबरोबर कट्ट्याला पाठवलं. त्या वर्षी धोंडू वायंगणकराच्या बागेतली सगळी सोडणं ठेकेदारानं घेतली होती. नाही म्हणायची सोय नव्हती. भिकाजीनं गाडी बागेच्या दगडी गडग्याबाहेर फणसाखाली सोडली आणि म्हणाला, "मी हय गाडी भरतंय. तू आतसून हाड."

घरात काशीबाई नव्हती, धोंडूही नव्हता. दोघं कुणाच्या तरी कार्याला गेली होती. मागच्या अंगणात सोडणांचा ढीग पडला होता. तुळसा हारा भरून नेऊ लागली. सुक्या सोडणांचा भुसा मानेवर सांडून घामात चिकटत होता, खाजत होता. काही खेपा झाल्यावर मागच्या दारातून हाक आली.

"दमलस मां गो? ये, पाणी पी."

दारात नवी सून उभी होती. तुळसाच्याच वयाची, बारीक, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. तुळसा पायरीखाली बसली आणि ओंजळ धरली. सुनेनं कंबरेवरची कळशी वाकवली. पाण्याची धार पडली आणि तुळसाला कळशीच्या गळ्याशी पोचा दिसला. अंगठा मावेल एवढा.

पाणी तिच्या कोपरांवरून ओघळू लागलं. "पी गो," सून म्हणाली. तुळसा प्याली. पाण्याला तांब्याचा वास होता.

"हय चेपली कशी?" तिनं विचारलं.

"तशीच इली. दुकानदार म्हणालो, वाटेत गाडयेक लागली. म्हणान थोडे कमी घेतल्यान." सुनेला बोलायला कुणी तरी हवंच होतं. ती पायरीवर बसली. "माझा नशीब बघ. माझो बापूस नाव सांगूक गेलो, तर नाव घातलेलीच कळशी तयार! शेट म्हणालो, कट्ट्याच्या वायंगणकारांची सून मां? तुमचीच वाट बघी होती."

तुळसा ओल्या हातांकडे बघत राहिली.

"तुका वाचूक येता?"

"येता थोडा."

"मगे वाच बघू. सासू म्हणता बरोबर आसा, पण तिका खंय वाचूक येता? आणि ह्यांका रजाच गावना नाय." तिनं कळशी वळवून अक्षरं पुढे केली. "हात लाव गो, काय जायत नाय."

तुळसानं हात लावला नाही. तिला बघायचीही गरज नव्हती. "सौ. शालिनी गुरुदास वायंगणकर," ती म्हणाली.

सून ओठ हलवून ते मनातल्या मनात पुन्हा म्हणाली आणि हसली. "माका अजून सवय नाय जावक. कोण शालिनी म्हणान हाक मारल्यान, तर मी मागे वळून बघतंय, कोणाक मारता म्हणान. आदी माझा नाव सीता." मग तिनं बोट खाली नेलं. "आणि ह्या बारीक काय?"

गडग्यापलीकडे भिकाजी बैलाला हाकारत होता.

"बाबांकडून," तुळसा म्हणाली.

"खरा?" सुनेनं कळशी मांडीवर ओढली. त्या एका बारीक शब्दावरून तिचं बोट पुन्हा पुन्हा फिरलं. तिचे डोळे भरून आले. "माका बोललोसुदा नाय गो तो. तसो बोलणारोच नाय. गपचूप घालून घेतल्यान वाटता."

"तसोच आसतलो," तुळसा म्हणाली.

"तुझा नाव काय गो?"

"तुळसा."

"खंयचा तू?"

"खाडीवयला." ती उठली, हारा भरला, स्वतःच गुडघ्यावर घेऊन डोक्यावर चढवला आणि अंगण ओलांडून बाहेर आली.

भिकाजी गाडीवर उभा राहून सोडणं पायानं दाबत होता. त्यानं वाकून हारा वर घेतला आणि रिता केला.

"पाणी गावला?"

"गावला."

"कोणी दिल्यान? काशीबायन?"

"नाय," तुळसा म्हणाली. "शालिनीन."

भिकाजीच्या हातातला हारा तसाच राहिला. त्यानं गडग्यापलीकडे पाहिलं नाही, मुलीकडेही पाहिलं नाही. खाली बसून त्यानं गाडीचा दोर ओढला. तो आधीच आवळलेला होता. तरी त्यानं पाय लावून तो आणखी आवळला, हाताला वळ उठेपर्यंत.

"अजून किती आसत?" त्यानं विचारलं.

"आसत खूप," तुळसा म्हणाली, आणि रिकामा हारा घेऊन परत आत गेली.